उरलेली झोप

अंबरनाथ हे नाव उच्चारताच महाराष्ट्रातील सुशिक्षित माणसाच्या मनात शके ९८२ मध्ये, म्हणजे इसवी सनाच्या १०६० साली, शिलाहारांच्या अमदानीत वालधुनीच्या काठी उभे राहिलेले शिवमंदिर येते, आणि ते योग्यच आहे. परंतु ते मंदिर रेल्वेच्या रुळांच्या पूर्वेस आहे, आणि मी ज्या अंबरनाथात वाढलो ते रुळांच्या पश्चिमेचे, भोंग्यांचे, पाळ्यांचे, आणि भर दुपारी खिडकीला गोधडी बांधून झोपणाऱ्या माणसांचे अंबरनाथ होते.

आमच्या चाळीत, आमच्या खोलीला लागून असलेल्या खोलीत, एक गृहस्थ राहत. सारी चाळ त्यांना तात्या म्हणे. एका कारखान्यात ते पाळीने काम करीत: एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी, आणि तिसऱ्या आठवड्यास रातपाळी. रातपाळीच्या आठवड्यात सकाळी साडेसातच्या सुमारास रिकामा डबा हातात घेऊन ते जिना चढत, मोरीत पाय धूत, चहात बुडवून रात्रीची चपाती खात, आणि तोवर काकू खिडकीच्या गजांना एक जुनी निळी गोधडी दोन सुतळ्यांनी बांधून खोलीत काळोख करून ठेवीत. त्यानंतर चाळीत जणू जमावबंदीचा हुकूम लागू होई. नळावर हंडा आपटायचा नाही, गॅलरीतून धावायचे नाही, रेडिओ मोठ्याने लावायचा नाही; आणि आम्हा मुलांचा आवाज चढला की काकू दारातूनच, ओठांवर बोट ठेवून म्हणत, "अरे, तात्या झोपलेत, चेंडू तिकडे मैदानात न्या." परंतु हा हुकूम कल्हईवाल्याला ठाऊक नसे, भंगारवाल्याला नसे, लग्नसराईतल्या बँडवाल्यांना नसे, आणि एप्रिल-मे महिन्यांत डोक्यावर तापणाऱ्या पत्र्याला तर मुळीच नसे. साडेबारा-एकच्या सुमारास गोधडीमागून खोकल्याचा आवाज येई, आणि काकू तांदूळ निवडता निवडता म्हणत, "झाली ह्यांची झोप." आठाला डोळा लागला आणि साडेबाराला उघडला, एवढी वजाबाकी मला त्या वयातही येत होती, त्या वजाबाकीचा माणसाच्या हृदयाशी काही संबंध असेल, हे मात्र मला, तात्यांना, काकूंना, किंवा कारखान्याच्या फाटकावर मस्टर सांभाळणाऱ्या टाइमकीपरला, कोणालाच ठाऊक नव्हते.

तो संबंध वैद्यकाला कसा आणि केव्हा उमगला, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या मुलखात कामगाराच्या झोपेचे काय होत आले, याची हकीकत मला येथे सांगावयाची आहे. या हकीकतीत कायदे पुष्कळ आहेत, आणि ते कष्टाने, अर्जविनंत्यांनी, संपांनी मिळविलेले आहेत; त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु त्या सर्व कायद्यांनी मोजला तो श्रम. झोप ही श्रम, जाणेयेणे, पाणी भरणे आणि चूल पेटविणे यांची वजाबाकी केल्यावर जी शिल्लक राहील ती, अशीच दप्तरी समजूत होती. आणि ज्या खात्यात केवळ शिल्लक जमा होते त्या खात्याकडे कोणताही कारभारी सहसा लक्ष देत नाही.

मुंबईच्या कापड गिरण्यांचा पहिला अंमलदार सूर्य होता. दिवस उजाडला की चक्रे फिरत आणि मावळला की थांबत. त्यामुळे हिवाळ्यात कामाचा दिवस सुमारे अकरा तासांचा, तर उन्हाळ्यात तेरा तासांच्याही पुढे जाई. सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारख्या सज्जनांच्या खटपटीनंतर १८८१ साली जो पहिला कारखाना कायदा झाला तो प्रायः लहान मुलांपुरता होता. प्रौढ पुरुषाच्या दिवसाला त्याने हात लावला नाही. अशा वेळी नारायण मेघाजी लोखंडे पुढे आले. लोखंडे १८४८ साली ठाण्यास जन्मले, म्हणजे आमच्याच पट्ट्यातले. महात्मा फुल्यांचे अनुयायी, काही काळ मांडवीच्या गिरणीत स्टोअरकीपर, आणि पुढे 'दीनबंधू'चे संपादक. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळ भागात गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या, आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारनियुक्त चौकशीमंडळापुढे ठेवला. त्या अर्जातील मागण्या आज वाचताना मन हेलावते, इतक्या त्या माफक आहेत: आठवड्यातून रविवारची सुट्टी, मध्यान्ही अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार, आणि अपघातात जायबंदी झालेल्यास काही पोटगी. रविवारची सुट्टी मिळण्यास १० जून १८९० उजाडावा लागला. एप्रिल महिन्यात सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत दोन कामगार स्त्रियांनी उभे राहून भाषणे केली, आणि त्यानंतर गिरणीमालकांच्या संघाने ती मागणी मान्य केली.

साडेसहा ते सूर्यास्त या शब्दांकडे मी वाचकांचे लक्ष विशेषेकरून वेधू इच्छितो. लोखंड्यांच्या अर्जाने रात्र मागितली नाही, कारण रात्र कोणी घेईल अशी कल्पनाच १८८४ साली कोणाला असण्याचे कारण नव्हते. काळोख हा कामगाराचा फुकटचा वकील होता; तो उभा राहिला की काम आपोआप तहकूब होई.

या वकिलाला कामावरून दूर केले ते विजेच्या दिव्याने. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांतून विजेचे दिवे बसू लागले, आणि १९०५ च्या सुमारास, कापड-सुताच्या व्यापारास तेजी आलेली असताना, अनेक गिरण्या चौदा-चौदा, पंधरा-पंधरा तास चालू लागल्या. पंधरा तास म्हणजे काय, याचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. चोवीसातून पंधरा गेले, नऊ राहिले. त्या नवांतून चाळीपासून फाटकापर्यंतची पायपीट, सार्वजनिक नळावरची रांग, खाणावळीत किंवा स्वतःच्या चुलीवर दोन वेळचे अन्न, आणि ज्या गाळ्यात दहा-बारा माणसे वळकट्या टाकून निजतात तेथे अंग टाकण्यापुरती जागा रिकामी होण्याची वाट, हे सर्व वजा केल्यावर पाच तास झोप मिळाली तर तो भाग्यवान म्हणावयाचा. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे भोंगा होण्यापूर्वी उठलेच पाहिजे, कारण उशिरा येणाऱ्याच्या जागेवर बदली कामगार उभा.

कामगारांनी हे मुकाट्याने सोसले नाही. त्या साली दिव्यांविरुद्ध संप झाले, दंगेधोपे झाले; 'टाइम्स ऑफ इंडिया'सारख्या गोऱ्या मालकीच्या पत्रानेही या दीर्घ तासांविरुद्ध लेखणी उचलली. मग सरकारी शिरस्त्याप्रमाणे चौकशी. १९०६ साली फ्रीअर-स्मिथ यांची समिती बसली, आणि १९०७-०८ मध्ये मॉरिसन यांच्या अध्यक्षतेखाली फॅक्टरी कमिशन नेमले गेले. कमिशनच्या बहुमताचा कौल असा पडला की, प्रौढ पुरुष हा आपले हित स्वतः जाणतो, सबब त्याच्या कामाच्या तासांवर कायद्याने थेट मर्यादा घालणे इष्ट नव्हे. या निर्णयास एका सभासदाने भिन्नमतपत्रिका जोडली. ते होते मद्रासचे डॉ. टी. एम. नायर, एडिंबरोस वैद्यक शिकून आलेले. प्रौढ पुरुषाचेही काम बारा तासांवर थेट कायद्याने रोखले पाहिजे, असे त्यांनी निक्षून लिहिले. त्या मंडळींत हे मत एका वैद्याने मांडावे हा मला योगायोग वाटत नाही. बाकीच्यांपुढे प्रश्न कराराच्या स्वातंत्र्याचा आणि लँकेशायरच्या स्पर्धेचा होता. ज्याने आयुष्यभर नाडीवर बोट ठेवले त्याच्यापुढे तो देहाचा होता. १९११ च्या कायद्याने शेवटी कापडगिरण्यांतील पुरुषांना बारा तासांची मर्यादा लागू केली, आणि नायरांचे म्हणणे, निदान अंशतः, कायद्याच्या पुस्तकात गेले.

पुढील टप्पे वेगाने सांगता येतील. १९२२ साली आठवड्यास साठ तास. १९३४ साली चोपन्न. आणि १९४६ च्या दुरुस्तीने, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे असताना मांडल्या गेलेल्या विधेयकाने, अठ्ठेचाळीस. स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाना अधिनियमाने तेच अठ्ठेचाळीस कायम केले, दिवसास नऊ तासांची कमाल मर्यादा घातली, आणि पाच तासांनंतर अर्ध्या तासाचा विसावा बंधनकारक केला. चौसष्ट वर्षांपूर्वी ठाण्याच्या त्या स्टोअरकीपराने मागितले होते त्याहून अधिक मिळाले. पाश्चात्य कामगार चळवळीने दिवसाचे तीन समान भाग पाडून त्यांतील एक विश्रांतीस दिला होता. तो हिशेब आता आपल्याकडेही जुळला असे कागदावर दिसू लागले.

परंतु आठ तास कोणते, हा प्रश्न कागदावर नव्हता. तो अंबरनाथात येऊन उभा राहिला.

कल्याणहून बोरघाटाच्या पायथ्याकडे जाणारा लोहमार्ग १८५६ च्या मे महिन्यात सुरू झाला आणि वालधुनी व उल्हास यांच्या खोऱ्यातील भातशेतीची ही गावे मुंबईच्या टप्प्यात आली. मोकळी जमीन, पाणी, आणि दाराशी रेल्वे, एवढे असल्यावर कारखानदार यावयाचाच. १९१९ साली स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीने येथे गंधकाम्ल आणि रासायनिक खते करण्यास आरंभ केला. १९२३ साली स्वीडिश भांडवलातून वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी निघाली, जिला सारे अंबरनाथ विमको म्हणून ओळखते आणि जिच्या नावाचा नाका पश्चिमेस अजून आहे. महाराष्ट्रातील लक्षावधी घरांत चूल आणि देवाजवळचा दिवा पेटविणाऱ्या काड्या येथे होत. स्वातंत्र्यानंतर संरक्षण खात्याचा ऑर्डनन्स कारखाना आणि यंत्रनिर्मितीचा प्रोटोटाइप कारखाना आले. पलीकडे, दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत सिंधमधून निर्वासित होऊन आलेल्या बांधवांचे उल्हासनगर ८ ऑगस्ट १९४९ रोजी नामाभिधान पावले. शहाडला सेंच्युरी रेयॉन, मोहन्याला नॅशनल रेयॉन. आणि १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर तर या पट्ट्यात कारखान्यास कारखाना लागला.

यांतील कित्येक उद्योगांचा धर्मच असा की ते रात्री थांबू शकत नाहीत. गंधक जाळणारी भट्टी सायंकाळी विझवून सकाळी पेटविता येत नाही. रेयॉनचा धागा आम्लाच्या कुंडात एकदा सुटू लागला की तो अखंड सुटत राहिला पाहिजे; मध्येच खंड पडला तर द्रव नळ्यांत थिजतो आणि माल वाया जातो. मुंबईच्या गिरणीत रातपाळी ही नफ्याची निवड होती, मालकाने मनात आणले तर टाळता येण्याजोगी. येथे ती रसायनाची अट होती. या भेदाला मी महत्त्व देतो, कारण त्यामुळेच रातपाळीबद्दल अंबरनाथात फारशी तक्रार कोणी केली नाही. भट्टीशी भांडण कोण करणार? रातपाळीचा भत्ता मिळे, दिवसा रेशनच्या रांगेत उभे राहता येई, मुलांची फी भरावयास शाळेत जाता येई, आणि झोप काय, ती केव्हाही काढता येते, असेच सर्वांना वाटे.

१९४८ च्या अधिनियमात रातपाळीसंबंधी एक लहानसे कलम होते, सत्तावन्नावे. ज्याची पाळी मध्यरात्रीपलीकडे जाते अशा कामगाराच्या बाबतीत सुट्टीचा दिवस म्हणजे त्याची पाळी संपल्यापासूनचे सलग चोवीस तास. त्याचा पुढील दिवस पाळी संपल्यावर सुरू होतो असे समजावे. आणि मध्यरात्रीनंतर त्याने केलेले तास आदल्या दिवसात धरावे, असा त्याचा आशय होता. हे कलम मी प्रथम वाचले तेव्हा थबकलो. आपल्या पंचांगात वार मध्यरात्री बदलत नाही, सूर्योदयाला बदलतो. सोमवारच्या पहाटे चार वाजता आजीच्या लेखी रविवारच असे. कायद्याने रातपाळीच्या कामगाराला, नकळत का होईना, आपले जुने पंचांग परत दिले होते: सकाळी सातला फाटकाबाहेर पाऊल पडले की त्याचा उद्या सुरू. हजेरी, सुट्टी आणि वेतन यांच्या हिशेबासाठी ही तजवीज अगदी निर्दोष होती. फक्त एक गोष्ट कलमाच्या कक्षेबाहेर राहिली. त्या नव्या दिवसाच्या आरंभी ज्या देहाने निजावयाचे होते त्या देहाला विधिमंडळाचे कायदे कळत नाहीत. त्याच्या आत एक घड्याळ आहे आणि त्याची किल्ली सूर्याच्या हातात आहे.

हे घड्याळ काय करते ते आता पुष्कळसे कळले आहे. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्रीच्या झोपेत शेकडा दहा ते वीस इतका उतरतो, नाडी मंदावते, देहाला सतत सावध ठेवणारी मज्जासंस्था विसावते. दिवसभर भरलेल्या पखालीसारख्या ताणलेल्या रोहिण्यांना तेवढा वेळ ढिलाई मिळते. पहाटेस देह पुन्हा जागृतीची तयारी करू लागतो, रक्तदाब चढतो, उष्णता वाढते. आणि नेमक्या याच वेळी रातपाळीवाला घरी येऊन अंथरुणावर पडतो. म्हणून त्याची दिवसाची झोप रात्रीच्या झोपेहून तास-दोन तासांनी तोकडी पडते, आणि ती बँडवाल्यांमुळे जेवढी मोडते त्याहून अधिक आतल्या त्या घड्याळामुळे मोडते. साडेबाराचा तात्यांचा खोकला मला आता निराळा ऐकू येतो. ज्या आठवड्यात देह या उलट्या क्रमास थोडासा रुळावयाचा, त्याच आठवड्याच्या शेवटी पाळी बदलावयाची.

अपुऱ्या झोपेत रक्तदाब पुरेसा उतरत नाही, रक्तातील साखर आवरणारी यंत्रणा शिथिल पडते, भूक अवेळी आणि अधिक लागते, आणि रोहिण्यांच्या अस्तराला हलकासा दाह सतत पोहोचत राहतो. एका रात्रीत यातले काहीच घडत नाही. वीस वर्षांत घडते.

आपल्या पूर्वजांना याची स्थूल कल्पना नव्हती असे नाही. चरकाने देहाला आधार देणारे तीन उपस्तंभ सांगितले, आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य; आणि रात्रीच्या स्वभावातूनच येणाऱ्या निद्रेला तो भूतधात्री म्हणतो, प्राणिमात्राचे धाईप्रमाणे पोषण करणारी. परंतु प्रमाण मोजून दाखविणे हे आधुनिक वैद्यकाचे काम होते, आणि त्याने ते उशिरा हाती घेतले. योगायोग असा की ज्या १९४८ साली आपला कारखाना अधिनियम झाला त्याच साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात फ्रेमिंगहॅम नावाच्या गावी हृदयविकाराचा जगप्रसिद्ध अभ्यास सुरू झाला. ५,२०९ माणसांना वर्षानुवर्षे तपासून त्यातून जे गुन्हेगार प्रथम पुढे आले ते रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान. झोपेकडे कोणाचे बोट वळले नव्हते. १९६४ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीचे हॅमंड यांनी दहा लाखांहून अधिक माणसांच्या पाहणीतून एक अनपेक्षित आकडा काढला: सुमारे सात तास झोपणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण सर्वांत कमी, आणि त्याहून कमी किंवा अधिक झोपणाऱ्यांत ते चढते. पाहणी कर्करोगासाठी होती. झोपेचा प्रश्न तीत बाजूला विचारलेला. कित्येक वर्षे तो आकडा तसाच पडून राहिला.

मग १९८६ साली स्वीडनमधून एक शोधनिबंध आला, 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात. अंबरनाथच्या माणसाने तो वाचताना क्षणभर थांबावे असा आहे. कारण ज्या देशाने आमच्या गावात काडेपेटी आणली त्याच देशातील संशोधकांनी, क्नुटसन आणि त्यांचे सहकारी, कागदगिरणीतील ५०४ कामगारांचा पंधरा वर्षे मागोवा घेतला होता. पाळीने काम करणाऱ्यांत हृदयविकाराचे प्रमाण दिवसपाळीवाल्यांपेक्षा अधिक होते, आणि पाळीची वर्षे वाढत तसतसे ते वाढत गेले. सोळा ते वीस वर्षे पाळी केलेल्यांत ते सुमारे पावणेतीनपट भरले. याहून बोलका आकडा त्यापुढचा आहे. वीस वर्षांहून अधिक पाळी केलेल्यांत हा धोका एकाएकी खाली येतो. त्याचा अर्थ वीस वर्षांनी रातपाळी मानवू लागते असा नव्हे. ज्यांना ती सोसली नाही ते तोवर पाळी सोडून गेले, दिवसाच्या हलक्या कामावर गेले, किंवा गेलेच. उरले ते मुळचेच काटक. आमच्या चाळीतही असा एक म्हातारा होता, चाळीस वर्षे रातपाळी करून ठणठणीत, आणि कोणी झोपेची कुरकुर केली की सारी चाळ त्याच्याकडे बोट दाखवी. जे दाखविता येत नव्हते त्यांच्याकडे बोट दाखविण्याचा प्रश्नच नव्हता.

त्याच १९८६ साली अमेरिकेतील परिचारिकांच्या एका मोठ्या अभ्यासात झोपेचे तास विचारले गेले, आणि पुढील दहा वर्षांत त्यांच्यापैकी कोणास हृदयविकार झाला याची नोंद ठेवून २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ७१,६१७ स्त्रियांत, आठ तास झोपणाऱ्यांशी तुलना करता, वय, वजन, धूम्रपान इत्यादी गोष्टींची वजावट केल्यावरही, पाच तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांत धोका शेकडा ४५ ने अधिक, आणि नऊ तास किंवा अधिक झोपणाऱ्यांतही ३८ ने अधिक. २०११ साली अशा पंधरा अभ्यासांची, पावणेपाच लाख माणसांची, एकत्र मोजदाद झाली तेव्हा तोकड्या झोपेचा आकडा शेकडा ४८ वर येऊन थांबला. २०२२ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने हृदयाच्या आरोग्याच्या मूलभूत गोष्टींच्या यादीत झोपेची आठवी म्हणून भर घातली आणि प्रौढांसाठी सात ते नऊ तास असे माप सांगितले.

येथे सावधगिरीचे दोन शब्द लिहिणे मी माझे कर्तव्य समजतो. संबंध दिसणे निराळे आणि कारण सिद्ध होणे निराळे. दीर्घ झोपेचा जो धोका आकड्यांत दिसतो तो बहुधा आधीच देहात दडलेल्या दुखण्याची खूण असावी, असे पुष्कळ जाणकार मानतात. आजारी माणूस अधिक पडून राहतो. तोकड्या झोपेच्या बाबतीत मात्र रक्तदाबापासून साखरेपर्यंतच्या वाटा एकेक करून सापडल्या आहेत, आणि म्हणून तो आरोप मला अधिक भक्कम वाटतो. शिवाय आपल्या लोकांची गोष्ट वेगळी आहे: अनेक देशांत मिळून झालेल्या एका अभ्यासात दक्षिण आशियातील माणसास हृदयविकाराचा पहिला झटका येण्याचे मध्यम वय ५३ आढळले, इतरांच्या मानाने पाच-सहा वर्षे आधीचे. ज्या देहाचे भांडवल मुळातच कमी, त्याने झोपेची उधारी किती करावी?

आज अंबरनाथ पश्चिमेस भोंगे फारसे ऐकू येत नाहीत. भोंग्याची जागा लोकलच्या वेळापत्रकाने घेतली आहे. मुंबईचे टर्मिनस येथून सुमारे साठ किलोमीटर. दीड तास जाण्याचा, दीड येण्याचा, आणि दोन्ही टोकांस रिक्षा, बस किंवा पायी रस्ता. नऊ तासांच्या कचेरीला हा माणूस तेरा तास देतो, म्हणजे वेगळ्या वाटेने जवळजवळ तेथेच येऊन पोहोचतो जेथे १९०५ चा गिरणीकामगार उभा होता, आणि त्याच्या प्रवासाचे तास कोणत्याही अधिनियमात मोजले जात नाहीत. पहाटेच्या गाडीत खिडकीला डोके टेकून, छातीशी पिशवी कवटाळून, डोंबिवली आली तरी न हलणारी जी माणसे दिसतात, ती कालच्या रात्रीची शिल्लक तेथे गोळा करीत असतात. आणि जी बाई पाचची गाडी पकडावयास साडेतीनला उठून डबे करते, तिची गणना तर कोणत्याच पाळीत झालेली नाही.

तात्यांना वयाच्या बावन्नाव्या वर्षी झटका आला. तेव्हा मी कॉलेजात होतो. ते तंबाखू खात, त्यांचे वडीलही छातीच्याच दुखण्याने गेले होते, तेव्हा रातपाळीनेच हे केले असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. इस्पितळातील तरुण डॉक्टरांनी केसपेपरवर तंबाखू लिहिली, वडिलांचे दुखणे लिहिले, रक्तदाब लिहिला. तेवीस वर्षे दर तिसरा आठवडा दिवसा झोपण्याचा होता, याला त्या कागदावर रकाना नव्हता, आणि आम्हांपैकीही कोणाच्या ते सांगण्याचे मनात आले नाही. दुसऱ्या रात्री त्यांच्याजवळ मी बसलो होतो. वॉर्डातला मोठा दिवा मालवला होता, शेजारच्या खाटांवरचे लोक झोपले होते, नर्सबाई टेबलावर मान टेकून होत्या. तात्यांचे डोळे मात्र टक्क उघडे. बराच वेळ ते छताच्या पंख्याकडे पाहत राहिले, मग हळूच म्हणाले, "किती वाजले रे?"

"बारा वाजून दहा मिनिटं झाली, तात्या. झोपा आता."

"दहा मिनिटं?" ते म्हणाले, आणि उठून बसावयास त्यांनी खाटेच्या लोखंडी दांड्याला हात घातला. "मग मस्टर आत गेलं असेल."